तिन्हीसांजेची शेवंती

सासूबाई बहारीनला आल्या त्या दिवशी विमानतळावर त्यांची पिशवी उघडायला लावली होती. आम्ही दोघं बाहेर फुगे घेऊन आलेल्या गर्दीत उभे होतो, त्यामुळे आतलं रामायण आम्हाला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. पिशवीत मेतकूट, कुळथाचं पीठ, दोन किलो इंद्रायणी तांदूळ आणि तळाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या शेवंतीच्या मुळासकट चार काड्या. कस्टमवाल्या पोराने त्या वर काढल्या, पान चुरगळलं, वास घेतला आणि हे काय म्हणून विचारलं. आईंनी सांगितलं, शेवंती. त्याने पुन्हा विचारलं, आईंनी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्याने हसून पिशवी परत दिली.

"तो अरबीत बोलत होता, मी मराठीत," आई गाडीत बसल्यावर म्हणाल्या. "भांडायला तरी भाषा एक लागते की."

सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. आई वाईजवळच्या घरात एकट्या राहत होत्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा इथे समुद्रापार. रोज फोनवर तेच: जेवलीस का, गोळी घेतलीस का, दाराला कडी घातलीस का. त्यांना कायमचं इकडे आणायचं असं आम्ही ठरवलं होतं. आधी व्हिजिट व्हिसा, मग रीतसर राहण्याची सोय. आई या सगळ्यावर एकच म्हणायच्या, "बघू." आमच्या साताऱ्याकडच्या बाईने बघू म्हटलं की समजायचं, बघून झालंय आणि उत्तर नाही असं आहे.

पंधरा दिवसांत त्या कंटाळल्या. आमचा फ्लॅट नईममध्ये, जुन्या वस्तीत. खाली गल्लीत किराणा, शिंपी, चहावाला, सगळं आहे. पण आईंना गल्ली खिडकीतून बघायची सवय नाही. दारात बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचं, कुठं निघालीस गं विचारायचं, हे त्यांचं चालणं-फिरणं होतं. इथे दार उघडलं की समोर लिफ्ट. लिफ्टला काय हटकणार? मी आणि हे सकाळी जातो ते संध्याकाळी उगवतो. मी एका ठेकेदार कंपनीत हिशेब बघते, हे एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर.

चैत्रात एकदा जेवताना आईंनी विषय काढला.

"हे बघा, मी स्पष्ट बोलते. भाद्रपदात गौरी बसतील. त्या गौरींना माझ्या शेवंतीचं फूल वाहिलं, तर मी समजेन, देवाला मला इथं ठेवायचंय. मग मी राहीन, पुन्हा नाव काढणार नाही. नाही फुललं, तर गौरी झाल्या की मला घरी सोडायचं. रडारड नको."

हे म्हणाले, "बरं." पुरुषाला बरं म्हणायला काय जातं. मी मात्र पोळी हातात धरून विचार करत राहिले आणि झोपायच्या आधी मला लख्ख उमगलं. आईंची शेवंती ती बुटकी, पिवळी, वासाची. ती दिवाळी झाल्यावर फुलते, थंडी पडली की. भाद्रपदात तिला आजवर कधी कळीसुद्धा आली नव्हती. बाजारात मिळते ती जात वेगळी.

"अहो, तुमच्या आईने आपल्याला गंडवलंय," मी म्हटलं.

हे कुशीवर वळून म्हणाले, "मला माहितीये. लहानपणी मला पण असंच गंडवायची."

मला राग आला. आईंचा नाही, खरं सांगायचं तर त्यांच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. राग आला तो ठरवून हरायला लावलं याचा. आणि मला राग आला की घरात कामं होतात, हे यांनाही ठाऊक आहे.

मी वाचायला लागले. तेव्हा कळलं की शेवंतीला थंडीबिंडीचं इतकं काही नाही, तिला रात्र कळते. रात्र लांब झाली, सलग चौदा तास गडद अंधार मिळायला लागला, की तिला वाटतं आता फुलायला हवं. दिवस मोठा असेल तर नुसती पानं काढत बसते. म्हणजे बंद खोलीत दिव्याने दिवस करायचा आणि दिवा बंद करून रात्र करायची, की भर उन्हाळ्यात तिला कार्तिक आला असं वाटणार. एवढी एक गोष्ट समजली आणि मला अक्षरशः उड्या माराव्याशा वाटल्या.

पंचाईत वेगळीच झाली. खोलीत दिवे लावून झाडं कशी फुलवायची, किती तास उजेड, किती तास अंधार, याचे जगातले सगळे सल्ले गांजावाल्यांचे. त्यांनी काय अभ्यास केलाय महाराजा. कुठला दिवा, किती उंचीवर, पानं पिवळी पडली तर काय, सगळं सविस्तर. गांजा आणि शेवंती, दोघांची खोड एकच: रात्र लांबली की फुलायचं. मी एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वही-पेन न घेता सगळं डोक्यात साठवत वाचत होते, तेवढ्यात हे मागून आले, पडद्यावरचं पान बघितलं आणि लॅपटॉपचं झाकण फाडकन लावलं.

"तुला कळतंय का आपण कुठल्या देशात आहोत? उद्या दारात पोलीस येतील. आपल्याला इथून घालवतील, आणि कारण काय, तर शेवंती."

"मग तुम्ही सांगा. इंजिनिअर आहात ना?"

त्यांनी सांगितलं नाही, पण पुढच्या आठवड्यात सलमाबादच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी मांडणी करून आणली, तिला जांभळट उजेडाचे दिवे लावले आणि एक टायमर बसवला. माणूस बोलायला कंजूष आहे, हाताने नाही.

झाडं ठेवली मुलाच्या खोलीत. मुलगा शिकायला कॅनडात गेला तेव्हापासून ती बंदच होती. मी आठवड्यातून एकदा झाडायला जायचे तेवढंच. आधी दोन महिने मी झाडांना भरपूर उजेड दिला, आईंनी काड्यांच्या काड्या केल्या, आणि चार काड्यांच्या अकरा कुंड्या झाल्या. टरारून वाढली. आई रोज सकाळी त्यांच्यात बसायच्या, शेंडे खुडायच्या, त्यांच्याशी बोलायच्या. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

मग ज्येष्ठ संपता संपता मी रात्र लांबवली. वेळापत्रक असं: पहाटे दोनला टायमर दिवे लावणार, दुपारी बाराला बंद करणार. पुढे पुन्हा पहाटे दोनपर्यंत काळोख. म्हणजे मला ऑफिसला जायच्या आधी उजेडात झाडं बघता येतील, आईंना त्यांच्यात बसता येईल आणि दुपारी, जेव्हा बाहेर नुसती भट्टी पेटलेली असते, तेव्हा दिव्यांची उष्णता एसीच्या डोक्यावर नको. खिडकीला काळं प्लास्टिक चिकटवलं. दाराखाली जुनी चादर कोंबली. घरात सगळ्यांना बजावलं, दुपारी बारानंतर त्या खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही.

"बरं बाई," आई म्हणाल्या.

पहिली अडचण आली ती बिल्डिंगच्या हारिसची. हारिस म्हणजे इथला रखवालदार, आमचा केरळचा आहे, गल्लीतली कुठलीही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटत नाही. पहाटे फजरच्या नमाजाला जाणाऱ्या लोकांना आमच्या खिडकीच्या कडेने जांभळा उजेड दिसायला लागला होता. एके दिवशी लिफ्टपाशी त्याने मला गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, लोग पूछता है. ऊपर क्या उगाता है?"

यांचं बोलणं खरं होणार की काय. पण मागे आई उभ्या होत्या. त्यांना हिंदी जेमतेम, तरी उगाता है कळलं. त्यांनी त्याचा हात धरला, त्याला वर आणला, कुंड्यांपुढे उभा केला, पान चुरगळून त्याच्या नाकाशी धरलं आणि मग बसवून पोहे खायला घातले. त्याच्या गावी म्हणे हीच फुलं देवळाबाहेर विकायला असतात. तेव्हापासून तो दर दोन दिवसांनी विचारायचा, अम्मा का फूल आया क्या?

फूल कुठलं यायला. आषाढ निम्मा झाला, संपत आला, कळीचं नाव नाही. पानं मात्र हिरवीगार, नुसता माज. मी खत बदललं. पाणी बदललं. दिव्यांची उंची बदलली. टायमर बिघडलाय म्हणून यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. यांनी बिचाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी खुर्ची टाकून टायमरसमोर बसून दाखवलं की तो अगदी वेळेवर चालतो. गौरींना महिना राहिला. आईंनी त्यांची बॅग पलंगाखालून काढून पुसून ठेवली होती. तीसुद्धा मला दिसावी अशा जागी ठेवली होती.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक भाभी राहतात. त्यांचे मिस्टर इथे तीस वर्षं कापडाच्या धंद्यात. त्यांच्याकडे मी मन मोकळं करायला जाते, कारण त्या ऐकताना हातातलं काम थांबवत नाहीत, त्यामुळे आपल्यालाही बोलताना अवघड वाटत नाही. त्या सांदणाचं पीठ ढवळत होत्या आणि मी माझं गाऱ्हाणं गात होते, काळं प्लास्टिक, चौदा तासांचा अंधार, वगैरे.

"अंधार कुठला?" भाभी म्हणाल्या. "संध्याकाळची मगरीबची बांग झाली का तुमच्या त्या खोलीत लाइट लागते ना? आमच्या बाल्कनीत पट्टी येते उजेडाची. अर्धा तास तरी असते. मी त्याच टायमाला कपडे काढते, म्हणून दिसते."

मी तशीच उठले. सांदण नको म्हटलं, यावरून भाभींना माझी अवस्था कळली असेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि लवकर निघाले. किल्लीने दार हळूच उघडलं. बाहेर बांग चालू होती. मुलाच्या खोलीचं दार सताड उघडं, ट्यूबलाइट लख्ख, आणि आत आई. हातात निरांजन, उदबत्तीचा घमघमाट, माझ्या अकरा कुंड्यांपुढे डोळे मिटून परवचा म्हणत उभ्या. मांडणीच्या कोपऱ्यात मुलाचा शाळेतला फोटो होता, त्यालाही उदबत्ती ओवाळून झालेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी यांच्याशी अबोला धरला होता, टायमरला शिव्या दिल्या होत्या.

"आई," मी म्हटलं, "रोज लावता?"

त्यांनी डोळे उघडले. दचकल्या नाहीत. "रोज लावते की. बारानंतर येऊ नको म्हणालीस, म्हणून दिवसाची येत नाही. पण तिन्हीसांज वेगळी."

"अहो, तीच तर या झाडांची मध्यरात्र आहे. मध्यरात्री दिवा लावल्यावर त्यांना वाटतं, रात्र दोन तुकड्यांची आहे, लहान आहे. म्हणून फुलत नाहीत. दीड महिना झाला, मी वेडी व्हायची वेळ आलीये." माझा आवाज चढला होता. "एवढंसं सांगितलेलं ऐकता येत नाही?"

आईंनी निरांजन खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "लेकराची खोली आहे ही. पोर सातासमुद्रापार गेलंय. लक्ष्मी यायच्या वेळेला त्याच्या खोलीत अंधार ठेवू? चौदा तास? तुला काय फूल पाहिजे ते असू दे. मी नाही ठेवणार."

माझा मुलगा कॅनडाला जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या खोलीत संध्याकाळी दिवा लावावा हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी ट्यूबलाइटखाली त्या कुंड्यांमध्ये बसून थोडी रडले. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा टाकते. आणि फूल येत नसलं तर नाही. मी जाईन की घरी, त्यात काय एवढं."

चहा पिता पिता मला सुचलं. इतकं सोपं होतं की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. रात्र दुपारीच सुरू व्हायला हवी असं कुणी सांगितलंय? झाडांना चौदा तास अंधार पाहिजे, तो कुठले चौदा तास याच्याशी त्यांना काय घेणंदेणं. तिन्हीसांज जर मोडत नसेल, तर तिन्हीसांजेलाच त्यांचा दिवस उगवायचा.

हे घरी आल्यावर टायमर बदलला. आता तो फक्त बंद करणार, पहाटे. लावणार आई. बांग झाली की आधी देव्हाऱ्यातला दिवा, मग मुलाच्या खोलीतला, तोही ट्यूबलाइट नव्हे, मांडणीचे सगळे जांभळे दिवे एकदम. खिडकीवरचं प्लास्टिकही त्या वेळी वर गुंडाळायचं, लक्ष्मीला दिसायला नको का? पहाटे उजाडायच्या आत मी ते खाली सोडून खोली बंद करायची. आईंचं सकाळचं झाडांत बसणं संध्याकाळवर गेलं. पहिल्या दिवशी आम्हाला सुट्टी होती. आईंनी बटण दाबलं आणि हात जोडून झाडांना म्हणाल्या, "उठा बायांनो, सकाळ झाली." हे हसत सुटले, कितीतरी दिवसांनी.

श्रावण सरता सरता शेंड्यांत काहीतरी दिसलं. मोहरीएवढं. मी भिंग घेऊन बघितलं, यांनी बघितलं, हारिसने बघितलं, भाभी वर येऊन बघून गेल्या आणि जाताना माशाल्ला म्हणून गेल्या. कळ्या होत्या. अकराही कुंड्यांना. माझा आनंद गगनात मावेना.

आणि मग मी दिवस मोजले. कळी फुलायला अजून महिना तरी लागणार होता. गौरी तोंडावर आल्या होत्या.

गौरी बसल्या. विकतच्या फुलांनी सजल्या, मनामाच्या बाजारात विमानाने येतात ती. पुरणपोळी झाली, सोळा भाज्या झाल्या, भाभी आल्या, बिल्डिंगमधल्या चार बायका आल्या. मी कुंडी उचलून गौरीसमोर आणून ठेवली. म्हटलं, "आई, ही कळी तर आहे."

"कळी देवाला तोडून वाहत नाहीत," आई म्हणाल्या. "आणि बोलले होते ते फुलाचं." त्यांनी कुंडी प्रेमाने बाजूला सरकवली आणि यांना तिकिटाचं बघायला सांगितलं. शब्द म्हणजे शब्द. यांनी गुमान बघितलं.

जायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आले. आईंची बॅग दारात होती. बांग व्हायची होती. त्या मुलाच्या खोलीत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "उद्यापासून दिवा तुलाच लावायचाय, तर आज माझ्यासमोर लाव. आधी देवाचा, मग हा."

"मला नाही जमणार, आई," मी म्हटलं. "या वेळेला मी ऑफिसात असते. टायमर लावून टाकेन."

"तिन्हीसांजेचा दिवा टायमरने?"

"मग कोण लावणार?"

"आणि देव्हाऱ्यातला?"

"तो कोणीच नाही. तुम्ही यायच्या आधी पण कोणी लावत नव्हतं. आम्ही सात-साडेसातला येतो तेव्हा अख्खं घर काळोखात असायचं. मी चाचपडत बटण शोधायचे." एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. "तुम्ही आल्यापासून मी खाली गाडी लावते आणि आधी वर बघते. खिडकीत उजेड असतो. मला फुलाचं काही नाही, फुलो न फुलो. मला घरी येताना तो उजेड हवाय. मला तुम्ही हव्या आहात. झालं, बोलले."

बाहेर बांग सुरू झाली. आईंनी देव्हाऱ्यापाशी जाऊन दिवा लावला, परत येऊन इथलं बटण दाबलं, प्लास्टिक वर गुंडाळलं. कळ्यांवरून बोट फिरवत थोडा वेळ उभ्या राहिल्या. तेवढ्यात हेही त्या दिवशी लवकर आले.

"बाळा," आई म्हणाल्या, "ते तिकीट परत देता येतं का?"

हे बूट काढता काढता थांबले. "आणि गौरीचं? फूल नाही आलं ना."

"फुलाचं ते माझं आणि गौरीचं आहे, आम्ही बघून घेऊ. पण घरात दिवा लावायला माणूस नाही म्हणते ही. असं कुठं टाकून जातात का?"

नवरात्रात शेवंती फुलली, एकदम, सगळ्या कुंड्या. पिवळी, बुटकी, घरभर वास. आईंनी पहिलं फूल देवीला वाहिलं आणि म्हणाल्या की गौरी काय नि देवी काय, एकच घर. दुसरं माझ्या केसांत खोवलं. हारिसला एक दिलं, ते त्याने लिफ्टच्या बटणांपाशी लावून ठेवलं.

बाकीची तोडली नाहीत. झाडांपुढे बसून मी काल यांना विचारलं, तुमच्या आईला खरंच गौरींपुरतं राहायचं होतं की मुळातच कुणी राहा म्हणायची वाट बघत होत्या? कारण आठवून आठवून बघितलं, व्हिसाचं बोललो होतो, सोयीचं बोललो होतो, त्यांच्या काळजीचं बोललो होतो. तुम्ही हव्या आहात, एवढं मात्र त्या संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कुणीच म्हटलं नव्हतं.